सगळ्या खाचा एका रेषेत

"घ्या, एक पाच काढा." भेटेल त्याच्यापुढे कागद-पेन धरायची आमच्या सरांची सवय होती. जबलपूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. चहावाला, पोस्टमन, कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. पाच मिळाला की निरखून म्हणायचे, "वा! काय पोट आहे याचं!"

हे अंक ते आपल्या यंत्राला दाखवायचे. कॉम्प्युटर नव्हे बरं. तो विभागात एकच होता आणि प्रमुखांच्या खोलीत झाकलेला असे. हा सरांनी स्वतः डाख देऊन जोडलेला, टेबलभर पसरलेला बोर्ड. मेंदूतल्या पेशींसारखं तारांचं जाळं. हातानं लिहिलेला अंक भिंगाखाली ठेवला की शून्य ते नऊपैकी बरोबर दिवा लागायला हवा. चुकीचा लागला की सर बारीक पेचकसानं प्रिसेट फिरवायचे. प्रिसेट म्हणजे डोक्यावर खाच असलेलं चिमुकलं बटण, तशी शेकडो. कुठलं किती फिरलंय, यातच यंत्राची सगळी विद्या. कुठे लिहून ठेवलंय का, असं विचारलं तर हसायचे.

"पोराला शिकवलेलं कोणी लिहून ठेवते का? चुकलं तर रागवायचं नाही, जरासं फिरवायचं. शिकून राहिलं ते अजून."

यात वर्षं गेली. एकदा चेरीतालच्या घरून काकूंना घेऊन आले. काकूंनी घाबरत घाबरत चार काढला. चाराचा दिवा लागला.

"अहो, याला माझं अक्षर समजलं!"

सर चष्मा काढून पुसत राहिले. मला तो माणूस फार आवडायचा.

निवृत्तीआधी बाहेरच्या जाणकारांनी यंत्र एकदा बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. शेवटी तपासणीची समिती आली. एका सदस्यानं तीन काढला. दिवा आठाचा लागला. एक काढला, पुन्हा आठ.

"ये तो सबको आठ बता रहा है!" हशा पिकला.

सर बोर्डावर वाकले आणि तसेच राहिले. मीही पाहिलं. सगळ्या खाचा कवायतीला उभ्या केल्यासारख्या सरळ एका रेषेत होत्या.

"कल मैंने ही सीधे करवाए," विभागप्रमुख कौतुकानं म्हणाले. "बहुत टेढ़े-मेढ़े दिख रहे थे।"

असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. तपासणी म्हटली की कुंड्यांना गेरू, झाडांना चुना, आत काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही. मला वाटलं, सर आता तरी ओरडतील. ते नुसतं "अच्छा" म्हणाले. आज सर नाहीत, पण माझा राग काही गेलेला नाही.

"परत शिकवू, सर," मी नंतर म्हटलं.

"काहून? आता डोळे कुठं राहिले?"

पुढं स्टाफ मीटिंगमध्ये प्रमुखांनी समितीचा शेरा मोठ्यानं वाचला : प्रयोगशाळा अत्यंत नीटनेटकी. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी हात मांडीखाली दाबून बसलो. शेजारी सर टाळ्या वाजवत होते.