पाऊस नसलेल्या बंदरातलं ओलं मीठ

दुसऱ्या वर्षाला भूगोलाच्या सरांनी प्रोजेक्ट दिलं: एकमेकांपासून लांब असलेले दोन देश घ्या, त्यांचं हवामान आणि जमीन यांची तुलना करा. मी नॉर्वे आणि चिली घेतले. दोन्ही लांबट, किनाऱ्याला चिकटलेले. नकाशावर मला ते सुकत घातलेल्या बोंबलांसारखे दिसले. पण खरं कारण वेगळं होतं. माझे बाबा मालवाहू जहाजावर कुक होते, आणि या दोन्ही देशांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले होते. चिलीच्या उत्तरेत मासळीची पावडर भरायची आणि नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरवायची, अशी त्यांची एक फेरी असायची.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा गिरणीत होते. प्रोजेक्ट कसं करतात हे विचारायला घरात कोणी नव्हतं, म्हणून जे माहीत होतं ते लिहिलं. कच्चा मसुदा परत आला तेव्हा दोन वाक्यांखाली लाल रेघा होत्या. एक, नॉर्वे एवढं उत्तरेला असूनही तिथलं बंदर गोठत नाही. दुसरं, चिलीच्या त्या बंदरात पाऊस जवळजवळ पडतच नाही, तरी हवा दमट असते. शिवाय नॉर्वेच्या मासळी बाजाराच्या वर्णनाची पूर्ण दोन पानं, त्यांच्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह.

"हे कुठून उतरवलंस?" सरांनी विचारलं.

"उतरवलं नाही सर. माहीत होतं."

"घाटकोपरला राहून?" मागच्या बाकांवर हसू फुटलं. "सोमवारी तोंडी परीक्षा आहे. प्रत्येक वाक्य कुठून आलं ते सांगायचं. नाही सांगता आलं तर प्रोजेक्ट रद्द."

मी बाबांचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, याचा घरी येईपर्यंत विचार करत होते. बाबा गणपतीत गावी गेले की हीच बाजाराची गोष्ट दर वर्षी थोडी वाढवून सांगायचे. एका वर्षी त्या बाजारात मासे होते, पुढच्या वर्षी मासे विकणारी बाई होती, त्याच्या पुढच्या वर्षी ती बाई बाबांशी हसून बोलली होती.

बाबा आता अंधेरीला एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काम करतात. ते कामावर गेल्यावर मी त्यांची कागदपत्रांची पिशवी काढली. जहाजावर काम करणाऱ्याचं एक पुस्तक असतं, त्यात उतरलेल्या बंदरांचे शिक्के मारतात. मी पान न पान बघितलं. सिंगापूर होतं, रॉटरडॅम होतं. नॉर्वे नाही. चिली नाही.

"बापावर पाळत ठेवतेस काय गं?" आई दारातूनच म्हणाली. "लग्नाआधी मी पण ठेवली होती. काय सापडलं नाही."

संध्याकाळी बाबा आंबोळीचं पीठ कालवत होते. मी सहज विचारल्यासारखं करून त्यांना फसवायला बघितलं.

"बाबा, त्या चिलीच्या बंदरात पाऊस नाही म्हणजे मीठ छान कोरडं राहत असेल ना?"

"छे गो! सगळां ओलां. बरणीत तांदळाचे दाणे टाकूक लागायचे, आपल्या हंयसारखे. आणि सकाळी थंडी. गॅलीत स्वेटर घालून चपात्ये लाटलंय." गॅली म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर.

सापडले, असं मला वाटलं. मुंबई विषुववृत्ताच्या जितकी वर आहे, जवळजवळ तितकंच ते बंदर खाली आहे. मागे वाळवंट. तिथे थंडी? वाळवंटाच्या काठावर ओलं मीठ? मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय झालां? मी खोटां कशाक सांगू?"

मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, आणि सोमवारची भीतीही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात बसून ते खोटं ठरवायला मी पुस्तकं काढली. झालं उलटंच. त्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यामुळे वरची हवा थंड होते, धुकं धरतं, पण पाऊस तयार होत नाही. म्हणजे वाळवंट कोरडं आणि किनारा दमट. नॉर्वेला नेमकं उलट: तिथे उबदार पाणी येऊन पोचतं, म्हणून बंदर गोठत नाही. बाबांच्या मिठाच्या बरणीला हे सगळं माझ्या आधी कळलं होतं.

लाज वाटली. पण एकदा शंका घ्यायची सवय लागली की ती लगेच सुटत नाही. घरी येऊन मी त्यांचे फोटो काढून बसले. नॉर्वेचे चार, चिलीचे तीन. सगळ्यांत बाबा एकाच कठड्याला टेकून उभे. मागे गाव, लांब, लहान. एकाही फोटोत त्यांच्या पायाखाली रस्ता नव्हता.

"बाबा, तुम्ही बाजारात गेला होतात ना?"

ते ताटं पुसत होते. पुसत राहिले.

"उतरूक गावलांच नाय," शेवटी म्हणाले. "जहाज लागला की बाकीचे उतरत. कुक कसो उतरतलो? बावीस माणसांचा जेवण. ते येऊन सांगत, मी ऐकून घेय. खिडकीतून दिसा तेवढा माझा."

आईने त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली ताटं स्वतः पुसली.

त्या रात्री मी बाजाराची दोन पानं काढून टाकली. मिठाचं घातलं, धुक्याचं, स्वेटरचं, आणि नॉर्वेत गॅलीच्या खिडकीची काच कधीच वाळत नसे असं बाबा सांगायचे तेही. खाली लिहिलं: निरीक्षण, जहाजाच्या गॅलीतून, वडील. त्याखाली पुस्तकांची नावं.

सोमवारी सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "वडील काय करतात?" मी सांगितलं. "मग बाजार का काढलास? ते तर रंगतदार होतं."

"ते त्यांनी बघितलेलं नव्हतं, सर."

सरांना अजून शंका असावी. मग विचारलं, "मिठात तांदूळ का टाकतात?" मी सांगितलं. त्यांनी सही केली.

संध्याकाळी बाबांना सही दाखवली. त्यांनी पान उलटलं, बाजाराची पानं शोधली, नाहीत हे बघून मान हलवली. मग म्हणाले, "तुझ्या फोनात तां बंदर दिसतलां काय? नॉर्वेचा?"

मी नकाशा काढला. जहाज लागायचं तो धक्का त्यांनी लगेच ओळखला. तिथून मासळी बाजारापर्यंत पायी जायचा रस्ता मी लावला. निळी रेघ आली, फार आखूड.

"बारा मिनटां?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जाऊन येऊक चोवीस," ते म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन पीठ आंबलं का ते बघायला उठले.