मिशी काढलेली राणी

हिरामण तात्या वर्षातून एकदाच मिशी काढायचे. शिमगा जवळ आला की एके सकाळी ते न्हाव्याकडून बाहेर यायचे, आणि त्यांच्या काळ्याभोर चेहऱ्यावर ओठाच्या वर एक गोरी पट्टी दिसायची. मग बंदरापासून देवळापर्यंत बातमी जायची, "तात्यानं मिशी काढली." म्हणजे नाटक ठरलं. आणि तात्या यंदाही राणी होणार.

तात्या जन्मभर मोठ्या बोटींवर स्वयंपाकी होते. एकदा त्यांची बोट दुरुस्तीसाठी इंग्लंडात बरेच दिवस अडकली. तिथे बंदरावरच्या एका माणसानं त्यांना नाटकाला नेलं. चारशे वर्षांपूर्वीचं, एलिझाबेथ राणीच्या काळातलं नाटक. नाटकघराला मधोमध छप्परच नव्हतं. भर दुपारचा खेळ. सगळ्यात स्वस्त तिकीटवाल्यांनी उभं राहायचं. तात्या उभे राहिले, वरून पाऊस आला, भिजले आणि तसेच शेवटपर्यंत थांबले. "एक शब्द कळला न्हाय गो," ते सांगायचे, "पन सगलं समजलं. कोन कुनाला फसवतंय, कोन मरनार, सगलं."

बोट सोडून ते गावी आले तेव्हा बायको आधीच गेली होती. मुलगी लग्न होऊन नेरुळला. मांडव्याच्या वाटेवरचं आमचं लहानसं गाव, आणि कौलारू घरात एकटे तात्या. दुसरा कोणी देवळात जाऊन बसला असता. तात्यांनी अलिबागच्या वाचनालयातून त्या जुन्या नाटकांची मराठी पुस्तकं आणली आणि मंडळी जमवली. एकातला राजा, दुसऱ्यातलं वादळ, तिसऱ्यातला विदूषक असं जोडून ते आपलं नाटक तयार करायचे. जोडाजोड कुठे दिसली तर म्हणायचे, "खिचडी हाय. खिचडीत डाल शोधू नये."

त्यांचे नियम मात्र पक्के होते. नाटक दिवसाच होणार, मासळी सुकवायच्या मैदानावर, चार वाजता, एकही दिवा न लावता. "उजेडात एकमेकाची तोंडं दिसली पायजेत," ते म्हणायचे. "कालोखात कोनीपन राजा होतो." बायकांची कामं पुरुषच करणार, कारण त्या काळी तिकडे तसंच होतं. आणि प्रत्येकाला फक्त त्याचंच बोलणं मिळणार, त्याच्या आधीचे चार शब्द धरून. तालीमही तुकड्यातुकड्यानं व्हायची. पूर्ण नाटक कोणालाच माहीत नसायचं. तिकडचे जुने नट असंच करायचे म्हणे.

त्यामुळे पहिल्या वर्षी मोठी गंमत झाली होती. राजाचं काम पाववाल्या युसूफभाईंकडे होतं. सायकलवर पाव विकताना त्यांचा आवाज किहीमपर्यंत जातो असं लोक म्हणतात, म्हणून ते राजा. टेम्पोवाला बाळ्या सेनापती होता. भर दरबारात बाळ्यानं लाकडी तलवार काढली, राजाच्या पोटात खुपसली आणि हातात लपवलेली कोकमाच्या लाल आगळाची पिशवी फोडली. युसूफभाई पडायचं सोडून ओरडले, "अरे तात्या, मारायचं होतं तर सकाळी सांगायचं ना! नवा कुर्ता आहे माझा!"

"मर आधी!" राणीच्या वेषातले तात्या दातओठ खाऊन म्हणाले.

"कुर्ता बदलून येतो, मग मरतो."

आणि ते खरंच गेले. लोकांनी टाळ्या वाजवून राजाला परत बोलावलं. मळका बनियन घालून आलेला राजा दुसऱ्यांदा मेला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त लोक हळहळले.

माझी आणि तात्यांची ओळख मिशीमुळे नाही, डोळ्यांमुळे झाली. त्यांना जवळचं वाचता येईनासं झालं होतं. मी शेजारीच राहते. दुपारची एका बंगल्यावरची झाडलोट करून आले की तासभर मोकळी असायची. "शेवंते, वाचून दाखवशील काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझी चौथी झालीय, जोडाक्षरं अडतात. "अडू दे. तू अडलीस की तेवड्या वेलात मी पाठ करतो." असं आमचं सुरू झालं. मी ओटीवर बसून एकेक अक्षर लावत वाचायची आणि ते समोर कोळंबी सोलत राणीचं बोलणं म्हणायचे. पुष्कळदा मी त्या ओटीवर जेवढं बोलायची, तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं. तेही दुसऱ्याचं.

कारण घरी मला बोलायला कोणी नव्हतं. घरात मी आणि सासू दोघीच. माझा नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही. बोट उलटली, दोघं पोहून आले, तो आला नाही. बंदरावरून माणूस सांगायला आला तेव्हा मी मैदानावर बोंबील टांगत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, दोरीवर टाकायचे, खाली जरा ओढून बघायचे, हात कमरेला पुसायचा, की पुढची जोडी. मी बातमी ऐकली आणि पुढची जोडी घेतली. टोपली संपेपर्यंत टांगत राहिले. रडले नाही. नंतरही नाही.

गावानं ते पाहिलं. "नवरा बुडाला नि ही बोंबील टांगते," बायका म्हणाल्या. "दगड हाय दगड." सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं. एका चुलीवरचं जेवायचो, एका खोलीत निजायचो, पण ती मांजराकडे बघून म्हणायची, "चाय झाला असंल तर कोनी द्यावा." मी कप ठेवायची. मांजर मेलं, मग ती भिंतीशी बोलायला लागली.

मी वाचायला लागले त्या वर्षी तात्यांनी निवडलेल्या गोष्टीत राजा लढाईवर जातो आणि राणीला तो मेल्याची बातमी येते. तालमीत तात्या छाती पिटून रडायचे. मंडळींना आवडायचं. तात्यांना नाही. शिवाय त्यांची चाल बोटीवरची, पाय फाकवून. युसूफभाई विचारायचे, "राणी समुद्रावर चाललीय का?" म्हणून ते माझ्याकडे शिकायला आले. नऊवारी मीच नेसवायची. बाई कशी उठते, पदर कधी सावरते, दारातून आत येताना आधी काय बघते, ते विचारायचे आणि मी करून दाखवायची. माझ्याकडे इतकं लक्ष देऊन आजवर कोणी बघितलं नव्हतं. मी लाजून मरायची, तरी दुसऱ्या दिवशी वेळेवर जायची.

एके दिवशी ते म्हणाले, "शेवंते, खबर आली तवा तू काय केलंस? सांगू नको. करून दाखव."

ते मान खाली घालून कोळंबी सोलत राहिले. मग मी उठले. समोर दोरी नव्हती, टोपली नव्हती. जोडी अडकवली, टाकली, ओढून बघितली, हात पुसला. पुन्हा जोडी. कितीदा केलं ते आठवत नाही. थांबले तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "चाय घे."

नाटकाच्या दिवशी मी नेहमीसारखी गर्दीच्या मागे, जाळ्यांच्या ढिगाजवळ उभी राहिले. म्हाताऱ्या बायका पुढे उलट्या क्रेटवर बसल्या होत्या, त्यांत माझी सासू. राजा लढाईवर गेला. राणी हार गुंफत बसली होती, दोन दोन फुलं घेऊन. बाळ्या दूत होऊन आला आणि म्हणाला, "महाराज पडले."

राणी रडली नाही. तिनं दोन फुलं घेतली, दोऱ्यात ओवली, खाली ओढून बघितलं, हात कमरेला पुसला. पुन्हा दोन फुलं.

कुणीतरी हसलं. "तात्या इसरला वाटतं," मागून एक जण म्हणाला. बाळ्यानं राणीच्या रडण्यानंतर बोलायचं होतं, तो तसाच उभा. राणी ओवत होती. मग पुढच्या बायकांतल्या एकीनं शेजारणीचा हात धरला, आणि एकेक मान मागे वळायला लागली. रात्रीचा, दिव्यातला खेळ असता तर काळोखात मी लपले असते. भर उन्हात सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, तात्यांनी मला उघडं पाडलं. पळून जावं असं वाटलं, पण मागे जाळ्यांचा ढीग होता. सगळ्यात शेवटी सासूनं मागे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. समोर फुलं संपली. राणीनं रिकामी परडी चाचपली, पुन्हा चाचपली, आणि तेव्हा कुठे दूताकडे बघितलं.

नाटक सुटल्यावर तात्या नऊवारी सावरत माझ्यापाशी आले. "रागावलीस?"

मी जाळ्याचा एक धागा ओढत राहिले.

"रडनारी राणी कोनीपन करील गो," ते हळू म्हणाले. "तुजी न रडनारी खोटी वाटंल असं वाटलं व्हतं. उजेडात खोटं टिकत न्हाय. ही टिकली."

घरी आले तर सासू दारातच बसली होती. मी बाजूनं आत जायला लागले.

"का टांगत व्हतीस?" तिनं विचारलं. भिंतीला नाही, मला.

मी उंबऱ्यावर पाय ठेवून थांबले. शेवटी म्हटलं, "टोपली संपली की घरी येऊन तुमाला सांगावं लागनार व्हतं."

तिनं पाय पुढे पसरले. मग म्हणाली, "पानी तापव. पाय लय दुकतात माजे." मी पाणी तापवलं. तिचे पाय शेकले. त्यानंतर आमचं बोलणं फार झालं असं नाही. मीठ, पाणी, गॅस, एवढंच. पण मला नावानं हाक यायला लागली.

पुढे तात्यांची दृष्टी पारच गेली आणि मुलगी त्यांना नेरुळला घेऊन गेली. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात चाचपून धरला. "यंदा मिशी ठेवतो," म्हणाले. कधी तरी फोन यायचा. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. "हितं काय बी वास येत न्हाय गो, शेवंते. मासली न्हाय, चिखल न्हाय. मी दिवसभर राजाचं, राणीचं, दूताचं, सगल्यांचं मीच बोलतो. नात म्हनते, आजोबा टीव्ही बंद करा." आणि हसायचे. फोन ठेवल्यावर मी त्यांच्या बंद ओटीवर जाऊन बसायची. वाचायला काही नसायचं.

ते गेल्याचा फोन युसूफभाईंना आला. सगळं तिकडेच उरकलं होतं. युसूफभाईंनी मला दारात सांगितलं आणि डोळे पुसत सायकल हातात धरून चालत गेले. मी आतून ताट आणून दारात तांदूळ निवडायला बसले. तात्यांच्या घराला कुलूप. गावात त्यांचं रक्ताचं कोणी नाही. दुखवट्याला जायचं तर कुणाकडे?

दुपारी कोळीवाड्यातल्या बायका आल्या. एक, मग दोन, मग पाच-सहा. तात्यांच्या दारावरून पुढे येऊन त्या आमच्या अंगणात थांबल्या. मी ताट मांडीवर घेऊन तशीच बसले होते. त्या माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

सासूनं आतून चटई आणून पसरली.

"बसा गो," ती त्यांना म्हणाली. "ती रडनार न्हाय. तुमी बसा."

त्या बसल्या.