कापून टाकलेला आवाज

शालू तायडेची जीभ दोन अक्षरांवर अडायची, क आणि प. एरवी बोलणं सरळ चालायचं. पण एखादा शब्द यातल्या अक्षराने सुरू झाला की मान झुकायची, डोळे मिटायचे, आणि ते अक्षर आपटत आपटत कसाबसा शब्द बाहेर पडायचा. अशा मुलीने मास्तरीण व्हावं हे तिच्या वडिलांना, जानरावांना, मुळीच पसंत नव्हतं. "आफिसात बस मशीनसमोर," ते म्हणाले होते. "लेकराईसमोर उभी राहू नको. फाडून खातीन तुले."

पण अकोटच्या एका खाजगी शाळेत नववी-दहावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय सुरू झाला. कंत्राटी शिक्षक भरणाऱ्यांनी अकोल्यात मुलाखत घेतलीच नाही, संगणकावरची परीक्षा तेवढी घेतली. शालू त्यात पहिली आली आणि रोज सकाळच्या एसटीने अकोल्याहून अकोटला जाऊ लागली.

वर्गात तिने आपली वाट काढली. बोटं चालू असली की जीभ मोकळी राहते हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती बोलता बोलता टाइप करायची. प्रोजेक्टरमधून भिंतीवर अक्षरं उमटत, मुलं वाचत. कंप्युटरला ती संगणक म्हणे, पासवर्डला गुप्त शब्द, आणि कीबोर्डकडे नुसतं बोट दाखवी. मुलांना वाटायचं, मॅडमला शुद्ध मराठीचं भारी वेड. अशा रीतीने तिने त्यांना फाइली जपून ठेवायला, तक्ते मांडायला, ईमेल पाठवायला आणि फसवी लिंक ओळखायला शिकवलं. दुसऱ्याचा फोटो किंवा आवाज त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही, हेही शिकवलं. चाचणीत त्यावर प्रश्न आला तेव्हा सगळ्यात नेटकं उत्तर दहावीतल्या आकांक्षाचं होतं.

आकांक्षा हुशार होती. तिचे वडील शाळेच्या संस्थेवर होते, घरी लॅपटॉप होता, पण तिचा हात चालायचा तो त्यामुळे नव्हे. तिला ते काम खरोखरच आवडायचं. शाळा सुटल्यावर ती लॅबमध्ये रेंगाळे आणि शालूही बस चुकवून तिच्यासोबत बसे. एकदा तिने सहज विचारलं, "मॅडम, तुमी कंप्युटर काहून नाई म्हणत कधीच?"

शालूला हे आजवर कोणी इतक्या मायेने विचारलं नव्हतं. तिने सांगून टाकलं. कोणती अक्षरं अडतात, ती कशी चुकवते, लहानपणी दुकानात पापड मागता येत नसे म्हणून ती शेवया घेऊन कशी परतायची, सगळं. आकांक्षा गालावर हात ठेवून ऐकत होती.

प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाला आवाज आणि चित्रं जोडून एक छोटी फीत बनवायची होती. आकांक्षाने विषय घेतला 'कापसापासून कापडापर्यंत'. अकोटच्या मुलीने, जिथे जिनिंगची धूळ दप्तरावर बसते तिथल्या मुलीने, दुसरं काय घ्यावं? "पण आवाज तुमचाच पाह्यजे, मॅडम," ती म्हणाली.

"मले जमणार नाई, आकांक्षा. सगळे क-क-क..."

"होऊ द्या नं किती वेळ लागते तो. अडलेलं मी कापून घेतो."

शालू वाचायला बसली. अर्ध्या पानाच्या मजकुराला दुपार सरली. घसा सुकला, ब्लाउज पाठीला चिकटला. आकांक्षाने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने हेडफोन मॅडमच्या कानाला लावला. कपाशी, पेरणी, कापूस, पिंजण, कापड. एकही अक्षर न अडता तिचा स्वतःचा आवाज बोलत होता. शालू लॅबमध्ये रडली. ते मोबाईलवर घेऊन तिने घरी जानरावांना ऐकवलं आणि म्हाताऱ्याने फोन कानाशी धरून मान हलवली.

आठवड्याने संध्याकाळच्या बसमध्ये मागच्या पोरांनी गाणं लावलं. वरातीच्या बँडचा ठेका, आणि त्यावर बाईचा आवाज: क-क-क-का, प-प-पा. अडलेला प्रत्येक तुकडा बरोबर ठेक्यावर बसवलेला. मधल्या धापासुद्धा ठेवल्या होत्या. कंडक्टरने हसत पुन्हा लावायला सांगितलं. शेजारची बाई शालूला कोपराने ढोसून म्हणाली, "आइका नं ताई, कोन्या मास्तरणीचं हाये म्हणते." शालू हसली. आपण ओळखू येऊ नये म्हणून ती अकोला येईपर्यंत सगळ्यांबरोबर हसत राहिली.

शालूने लेखी तक्रार दिली तेव्हा मुख्याध्यापक देवराव सरांनी आकांक्षाला बोलावून घेतलं. "सॉरी म्हण मॅडमले," त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्याच ओठाचा कोपरा हलला.

"सॉरी, मॅडम."

शालूने तिला एवढंच विचारलं, "क-क-काहून?"

आकांक्षाने खरंच विचार केला. "ते तुकडे तं फेकूनच द्याचे होते नं," ती म्हणाली. "मले वाटलं, वाया काहून घालवाचे."

मुलगी गेल्यावर देवराव सर म्हणाले, "लेकरं हायेत, मॅडम. तिचे बाबा संस्थेवर हायेत, मी काय बोलू? अन् ज्याले बोलता येत नाई त्यानं शिकवाले यावंच काहून, हेबी पाहा."

प्रात्यक्षिकाला अमरावतीहून परीक्षक आले. आकांक्षाची फीत पाहून खूश झाले. "आवाज कोणाचा, बेटा?"

"आमच्या मॅडमचा, सर."

ते कौतुकाने वळले. "फारच छान, मॅडम. आकाशवाणीवर होता का तुम्ही?" शालूने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमका क आडवा आला. परीक्षकांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग ओळख पटली. "अरे, ते गाणं," ते म्हणाले, "आमच्या पुतण्याच्या लग्नात वाजवलं हो." सगळी लॅब हसली. आकांक्षाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. अंतर्गत गुणांच्या रकान्यात शालूनेही एक गुण कमी केला नाही. गुण कापायला हात तसा उचलला होता, पण काम खरंच स्वच्छ झालं होतं. उन्हाळ्यात तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

आता ती अमरावतीत एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत रुग्णांची माहिती संगणकात भरते. पहिल्या दिवशी तिने कोणाशी बोलणं टाळलं, दुसऱ्या दिवशीही टाळलं. मग शेजारच्या टेबलावरची माया तिच्यादेखतच नव्या पोरीला म्हणाली, "हिच्याशी हातानं बोल गं. मुकी हाये बिचारी, पण काम चांगलं करते."

शालूने मान वर केली, मायाकडे पाहिलं आणि मान होकारार्थी हलवली.