देवीदासकाकांचा धक्का

खुर्सीपारच्या वस्तीत कोणाची गाडी बंद पडली की मेकॅनिकच्या आधी देवीदासकाका आठवायचे. स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर माणसं भजनाला लागतात नाहीतर भांडणाला. काका लागले धक्का मारायला. स्कूटर, टेम्पो, एकदा तर शाळेची अख्खी बस. "तू फक्त न्यूट्रल कर बे, बाकी मी पायतो," असं म्हणून ते चपला काढून बाजूला ठेवत आणि खांदा लावत.

शेजारच्या प्रेमानंदच्या करिष्माचं लग्न होतं. तिचा भाऊ निखिल मोठ्या ऐटीत मित्राची ऑटोमॅटिक गाडी घेऊन आला आणि नेमकी हॉलच्या फाटकातच बॅटरीनं मान टाकली. मागच्या सीटवर नवरी, फाटक अडलेलं. त्याच वेळी आत पुऱ्यांच्या कढईनं पेट घेतला. कोणीतरी फोन केला आणि नवल म्हणजे आग विझवणारी दमकल लगेच आली. आली आणि नवरीच्या गाडीमागे उभी राहून बोंबलू लागली.

"न्यूट्रल कर!" काका ओरडले.

"काका, गियर पार्कमध्ये अटकला. हलूनच नाही राहिला!" निखिल रडकुंडीला आला.

काकांनी चपला काढल्या. बँडवाले आले, दमकलवाले आले, सगळ्यांनी जोर लावला. गाडी ढिम्म. "कावून नाई सरकून राहिली बे?" काकांनी थेट गाडीलाच विचारलं. आजवर कोणत्याही गाडीनं त्यांना असा नकार दिला नव्हता.

गाडीत करिष्मा अटकलेला गियर कसा सोडवायचा ते मोबाइलवर वाचत होती. लग्नाची पांढरी साडी आवरत ती पुढे, धक्का मारायला उतरलेल्या निखिलच्या सीटवर सरकली. गियरच्या दांड्याशेजारी नखाएवढं झाकण होतं. अंबाड्यातली पिन काढून तिनं ते उचकटलं, चावी फिरवली, ब्रेक दाबला, पिन भोकात खुपसली आणि दांडा ओढला. खट्! न्यूट्रल.

पण धक्का मारणाऱ्यांना हे सांगणार कोण? तिनं ब्रेकवरचा पाय उचलला मात्र, गाडी सुटली आणि काका तोंडावर आपटले. आवारात मांडलेल्या खुर्च्या चुकवत नवरी थेट मंचाकडे निघाली आणि हातभर अलीकडे कशीबशी थांबली. माइकवरच्या पंजाबरावांना वाटलं, हे ठरलेलंच असेल. "वधूचं आगमन झालेलं आहे! टाळ्या!" टाळ्या पडल्या.

दमकल आत शिरली तोवर आचाऱ्यानं कढईवर परात झाकून आग विझवलीही होती. आलेल्या माणसांना उपाशी कसं पाठवायचं? हेल्मेटं मांडीवर घेऊन ते पहिल्याच पंगतीला बसले.

काका मात्र गुडघ्याला हळद लावून कोपऱ्यात फुगून बसले होते. लग्न लागल्यावर करिष्मा पाया पडायला वाकली, तर म्हणाले, "ते राहू दे. थे झाकण कुठी रायते, मले दाखव आधी."

नवरीनं दाखवलं. काकांनी स्वतः पिन खुपसून दांडा मागेपुढे करून पाहिला, तेव्हा कुठे त्यांना जेवण गोड लागलं.

संध्याकाळी बिदाई त्याच गाडीतून निघाली. बॅटरी मेलेलीच, पण सासर दोनच गल्ल्या पलीकडे. पुढे बँड, स्टिअरिंगवर नवरदेव राजदीप, शेजारी करिष्मा आणि मागे काका.

"काका, दुसरी गाडी बोलावतो ना," राजदीप खिडकीतून डोकं काढून म्हणाला.

"समोर पाहून चालव बे! पोरगी बसली हाय बाजूले," काका दरडावले आणि त्यांनी खांदा लावला.