डार्लाच्या पदवीचा हिशेब

डार्ला कोस्टेलनिक वीस वर्षं ओहायोतल्या त्याच हायवेलगतच्या हॉटेलात अंडी-बटाटे वाढत होती, आणि वीस वर्षं दर मार्चमध्ये अर्धं गाव बुटांचे खोके घेऊन तिच्या पुढ्यात येऊन बसत होतं. खोक्यात पावत्या. औषधांच्या, टायरच्या, कॉफीचे डाग पडलेल्या. "डार्ला, बघ ना गं, टॅक्सचं काही जमतंय का?" दुपारची गर्दी ओसरली की ही बाई टेबल पुसायची, चष्मा चढवायची आणि समोरच्याला सरकारकडून पैसे परत मिळवून द्यायची. बदल्यात काय, तर चेरी भरलेल्या गोड पायचा एक तुकडा. तोही हिनंच कापून घ्यायचा!

इतकी हुशार बाई, पण स्वतःच्या घरात गाढवपणा करून बसली होती. सहा वर्षांपूर्वी लेकीला, केल्सीला, टेकडीवरच्या खाजगी कॉलेजात घालताना हिनं काय पाहिलं? वेलींनी झाकलेली इमारत, तळं आणि तळ्यातली बदकं. लेकीचा हरखलेला चेहरा बघितला आणि सत्तर हजार डॉलरच्या कर्जावर जामीन म्हणून सही ठोकली. आता केल्सी पत्रकारितेची पदवी घेऊन विमा कंपनीत फोन उचलत होती, आईच्याच घरी वरच्या खोलीत राहत होती आणि महिन्याला साडेसहाशेचा हप्ता भरत होती. कुरकुर कधी केली नाही पोरीनं. डार्लाला तेच जास्त लागायचं.

त्यामुळे जूनमध्ये आईच्या नावे कॉलेजचं पत्र आलं, तेव्हा केल्सी जेवणाच्या सुट्टीत तडक हॉटेलात आली आणि पत्र काउंटरवर आपटलं.

"आई, हे काय आहे?"

"अकाउंटिंगची पदवी," डार्ला म्हणाली. "माझी."

"चव्वेचाळीस वर्षांची आहेस तू! माझं बघून तरी शहाणी हो. कर्ज म्हणजे काय असतं ते आपल्या घरात आणखी कुणाला शिकायचंय?"

शेजारच्या स्टुलावर म्हातारा वॉल्ट ह्रुस्का बसला होता. जन्मभर छपरं शाकारली, आता दिवसभर कॉफी पितो. त्याला गप्प बसवणार कोण? "जाऊ दे की तिला! माझ्या टॅक्समध्ये चुका काढायची, तर पदवी घेऊन काढू दे."

"वॉल्टकाका, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये कुठं? कडेलाच बसलोय."

डार्लाने एप्रनच्या खिशातून ऑर्डरची वही काढली आणि लेकीपुढे सरकवली. "ओरडायचं ते वाचून ओरड."

हिनं काय केलं होतं माहीत आहे? तीन कॉलेजांच्या माहितीसभांना जाऊन आली होती. आणि प्रत्येक ठिकाणी हात वर करून एकच विचारलं होतं, मागच्या वर्षी पास झालेल्या तुमच्या अकाउंटिंगवाल्यांना पगार किती आणि डोक्यावर कर्ज किती? टेकडीवरच्या कॉलेजातल्या टायवाल्या पोरानं खूप गोड हसून तिला कॉलेजचं नाव छापलेला कॉफीचा मग दिला. कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजातल्या, खिडकीमागच्या बाईनं मात्र आकडे तोंडपाठ सांगितले, टेकडीवरच्यांचेसुद्धा.

केल्सी वाचत गेली. टेकडीवर चौऱ्याऐंशी हजारांचं कर्ज. कम्युनिटी कॉलेज आणि मग सरकारी विद्यापीठाची शाखा, सरकारी मदत वजा जाता सोळा हजार. दोन्हीकडून निघालेल्यांना सुरुवातीचा पगार तोच, पंचावन्न हजार. आत्ताची कमाई टिप धरून एकोणतीस हजार. हप्ता महिन्याला एकशे ऐंशी. हातात पडणारे जास्तीचे पैसे, टॅक्स कापून, महिन्याला सोळाशे. पदवी एकोणपन्नासाव्या वर्षी, पुढे कामाची अठरा वर्षं.

"तिथं बदकं आहेत?" केल्सीनं वर न बघता विचारलं.

"नाहीत. पार्किंग फुकट आहे."

केल्सीला हसू फुटणारच होतं, तेवढ्यात तिचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथं लिहिलं होतं, "केल्सीचा अर्धा हप्ता, दरमहा ३२५, फिटेपर्यंत."

"हे काय मध्येच?"

"सही मी केली होती." डार्लाने फडकं उचललं आणि स्वच्छ काउंटर पुन्हा पुसायला घेतला. "तू अठराची होतीस. हिशेब करायची अक्कल मला असायला हवी होती. फार वाईट वाटतं गं मला."

केल्सीनं आईच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि ती ओळ आडवी-उभी खोडून टाकली.

"ती बदकं मलापण आवडली होती," ती म्हणाली. "हप्ता माझा मी भरेन. ही ओळ नसेल तरच जायचं. आहे कबूल?"

"कबूल," डार्ला म्हणाली आणि डोळे एप्रनला पुसले. वॉल्टनं स्वतःच्या पैशांनी सगळ्यांना चेरी पाय मागवला. हॉटेलच्या इतिहासात पहिल्यांदाच!

ऑगस्टमधल्या सोमवारी सकाळी डार्ला दप्तर खांद्याला लावून घाईनं बाहेर पडली, तर दारातल्या पायऱ्यांवर केल्सी फोन रोखून उभी. या घरात शाळेच्या पहिल्या दिवशी पायरीवर फोटो काढायचा, ही डार्लाचीच रीत. बालवाडीपासून बारावीपर्यंत केल्सीचे तेरा फोटो जिन्यात टांगलेले. डार्लाचा स्वतःचा असा एकही नव्हता. तिची आई पहाटेच कारखान्यात गेलेली असायची.

"वेड लागलंय का तुला? शेजारी बघतायत!"

"बघू देत. ही पाटी धर."

पाटीवर केल्सीनं खडूनं लिहिलं होतं, "कॉलेजचा पहिला दिवस. वय ४४. मोठेपणी व्हायचंय: अकाउंटंट."

"अगं, उशीर होतोय मला!"

"पाटी सरळ धर, केस मागे घे आणि हस," केल्सी म्हणाली. तेरा वर्षं डार्ला हेच म्हणत आली होती, शब्दसुद्धा हेच. डार्लाने केस मागे घेतले, पाटी छातीशी धरली, आणि हसता हसता इतकी रडली की फोटो तीनदा काढावा लागला.