पाहुण्यांच्या रांगेत अबू सालेम

अबू सालेम ऑफिसात कॉफीच्या किटलीला हात लावत नसत. गरम असो, गार असो, रिकामी असो, वाटेत दिसली तर वळसा घालून जात. रियाधच्या अल मलाझमधल्या आमच्या दवाखान्यात ते रिसेप्शनला बसायचे आणि मी शेजारच्या खोलीत एक्स-रे काढायचो. मला आधी वाटलं, पोटाचं काही दुखणं असेल. कसलं दुखणं! सुट्टीच्या दिवशी घरी बोलावून याच माणसानं मला आणि आमच्या झाडूवाल्याला स्वतःच्या हातानं कॉफी ओतून दिली, खजूर पुढे केले, वर आग्रह.

"घरी मी यजमान असतो," ते म्हणाले. "ऑफिसात किटली धरली की लोकांना माझा बाप दिसतो."

बाप गुलाम होता. एका बड्या घरात विकत आणलेला. पाहुण्यांपुढे किटली घेऊन उभं राहायचं, हेच काम. राजाचा हुकूम निघाला, गुलामगिरी संपली. पण ना जमीन, ना टोळीचं नाव, जाणार कुठे? "बाबा त्याच घरात उभेच राहिले. त्यांना 'बस' म्हणा, असं हुकुमात लिहिलं नव्हतं ना!" मुलगा शिकला, तरी काळा रंग बघून कुणीही उपटसुंभ काउंटरवर येऊन "या अब्द", म्हणजे "ए गुलामा", अशी खुशाल हाक मारायचा. अबू सालेम मान वर करत नसत. नावानं हाक मारली की मगच हसून विचारत, "बोला, काय हवंय?"

त्यांना नोकरी मिळाली ती सौदीकरणामुळे. कंपन्यांनी आपल्या देशाची माणसं घ्यायची असा नियम आला, तेव्हा मुदीरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, त्यांना मोठ्या हौसेनं काउंटरवर बसवलं. मग एकदा सौदी माणसं किती घेतलीत ते तपासायला सरकारी साहेब येणार होते. मुदीर म्हणाला, "आज तू कमरेला जरीचा पट्टा बांध आणि कॉफी ओत. शोभून दिसेल." शोभून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अबू सालेम शांतपणे म्हणाले, "साहेबांना मोजायला मी सौदी आणि ओतायला गुलाम? एक काय ते ठरवा." आणि सरळ आत जाऊन पाहुण्यांच्या रांगेत बसले.

आम्ही सगळे दाराशी उभे होतो. साहेबांसमोर तमाशा नको म्हणून मुदीरनं स्वतः किटली उचलली आणि उजवीकडून ओतत निघाला. अबू सालेमनी हात पुढे केला. मुदीर त्यांना वगळून पुढच्याकडे गेला. अहो, दारात आलेल्या दुष्मनालाही इथे कुणी असं वगळत नाही! साहेबांनी पाहिलं आणि आपली कॉफी गपचूप संपवली.

दुसऱ्या दिवशी अबू सालेमची बदली दूर अल खर्जच्या गोदामात. त्यांनी लेबर ऑफिसात तक्रार ठोकली: माझी जागा मला परत द्या. साक्षीला कोण? मी गेलो. डोळ्यांदेखत घडलेलं गिळून टाकायचं की काय? पण ज्याच्या नावावर माझा व्हिसा, तो कफील मुदीरचा सख्खा भाऊ. इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, रद्द. खलास. धरा चिपळूणचा रस्ता.

विमानतळावर अबू सालेम सोडायला आले. मी चिडूनच म्हणालो, "सोडून द्या आता. ही माणसं सुधारायची नाहीत. दुसरीकडे कुठे नोकरी बघा."

त्यांनी माझी बॅग ट्रॉलीवर नीट ठेवली. "भाऊ, तुला त्यांनी देशाबाहेर काढलं. तुला जायला चिपळूण आहे. मला कुठे काढतील? मी इथलाच आहे."

मग घड्याळ पाहिलं. "निघतो. दहाला सुनावणी आहे. आज साक्षीदार नाही, तेव्हा मलाच जरा मोठ्यानं बोलावं लागेल."