चोची आणि शेपट्या

ताई,

तुझा निरोप मिळाला. चादरीचा माझा भाग सुखरूप आहे, ट्रंकेत अगदी तळाशी. वरचं सामान उपसायला माणूस मिळत नाही आणि माझ्या कंबरेचं तुला ठाऊकच आहे. पुढच्या खेपेला नक्की आणते. एका चादरीसाठी किती तगादा लावशील? डोळ्यांना ताण देऊ नकोस. डॉक्टरांचं ऐक, दर वेळी आपलंच खरं करू नकोस.

तुझी धाकटी

थोरलीनं हे पत्र सुनेकडून वाचून घेतलं आणि नाक मुरडलं. "तळाशी म्हणे! त्या ट्रंकेला तळच नाही."

थोरलीचं आयुष्य एका दुकानाच्या मागच्या खोलीत गेलं. दुकान घरसजावटीचं. पुढे काचेआड पडदे, टेबलक्लॉथ, गुबगुबीत उशा. मागे ट्यूबलाइटखाली लांबलचक टेबल, कात्री आणि थोरली. हातमागावरच्या लिननच्या जुन्या चादरी घराघरांतून तिथे यायच्या, कुणाच्या आजीनं भरलेल्या, कुणाच्या सासूनं. थोरली त्या धुवायची, विरलेला भाग काढून टाकायची आणि भरतकाम नेमकं मधोमध येईल असे उशांचे अभ्रे बेतायची. नवी बाई कामाला लागली की हमखास हळहळायची, "अगं बाई, एवढं सुंदर, आणि कापायचं?"

"कापड आहे, ओरडणार नाही. धर सरळ," थोरली म्हणायची.

वडील लवकर गेले तेव्हा तिनं शाळा सोडून सुई धरली होती. त्या सुईच्या जोरावर धाकटी कॉलेजात गेली, फाडफाड बोलायला शिकली, चांगल्या घरी पडली. थोरलीला तिचं कौतुकच होतं. ते नासलं पुढे, आईच्या चादरीवरून.

जुना माग अरुंद, म्हणून चादर दोन पट्ट्यांची, मधोमध शिवण. अशी चादर मध्ये विरली की शिवण उसवायची, बाहेरच्या किनारी आत घ्यायच्या आणि पुन्हा जोडायची. मग ती आणखी तितकीच टिकते. पण आईनं नव्याच्या हौसेनं ऐन शिवणीवर लाल दोऱ्यानं पाखरांची रांग भरली. धड एका पट्ट्यावर, मान दुसऱ्यावर. उलटायची सोयच ठेवली नाही. आई गेल्यावर सामानाची वाटणी झाली तेव्हा धाकटी म्हणाली, "दोन पट्टे, आपण दोघी. तू काप, तुझा हात सराईत."

"पाखरं तुटतील गं."

"तुटू देत. तूच म्हणतेस ना, कापड आहे!"

थोरलीनं एकेक मान सोडवली. तुटलेल्या दोऱ्यांची टोकं दोन्ही पट्ट्यांच्या मागे वळवून टाचली. चोची तिच्याकडे राहिल्या, शेपट्या धाकटीकडे गेल्या.

"चोची खरं तर तुला शोभल्या असत्या," थोरली म्हणाली.

"असू दे, ताई. शेपूट घालायची सवय नाही मला, तेवढी तरी होईल."

दोघी खूप हसल्या. म्हातारपणी पुन्हा जोडू, असं त्याच दिवशी ठरलं.

आणि मग एके दिवशी दुकानात आलेला एक गठ्ठा थोरलीनं सोडला, तर आतल्या घडीत लाल शेपट्या. तिनं पट्टा उलटा केला. मागे तिचेच टाके.

"हे कुणी आणलं?" तिनं मालकांना विचारलं.

"चष्म्याच्या एक बाई. तुमच्यासारख्याच तोडून बोलणाऱ्या. नव्या फ्लॅटमध्ये अडगळ नको म्हणाल्या."

"हा पट्टा मला द्या."

"मावशी, हॉटेलवाल्यांची ऑर्डर आहे, त्यांना लाल भरतकामच हवंय. तुम्ही दुसरं काहीही घ्या."

"मला हाच हवा."

"आज काय झालं तुम्हाला? जन्मभर तर म्हणत आलात, कापड आहे."

तिनं पट्टा टेबलावर पसरला आणि कापला. सगळे अभ्रे काटेकोर उतरले, एक मात्र बोटभर आखूड. तिची कात्री जन्मात पहिल्यांदा चुकली, तीही मुद्दाम. मालकांनी तो अभ्रा उशीवर चढवायला घेतला, चढेना.

"डोळे गेले वाटतं, मावशी! न्या हा घरी."

अभ्रा घरी आला, पण दुसऱ्या दिवसापासून कात्री दुसऱ्या बाईच्या हातात गेली. थोरलीला काजं-बटणांवर बसवलं. डोळे खरोखर अधू झाले ते त्यानंतर.

तेव्हापासून तिनं लकडा लावला: तुझा भाग आण, जोडून टाकू. चादर आता होणार नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिला धाकटीच्या तोंडून एकच शब्द हवा होता. विकली. तेवढं म्हणाली असती, तर थोरलीनं दोन शिव्या हासडून चहाचं आधण ठेवलं असतं.

पत्रामागोमाग धाकटी स्वतः आली. नेहमीच्या खुर्चीत टेकली, पाठीमागची छोटी उशी ओढून तिनं पुढे धरली.

"हल्ली हे जुनं फार चालतं हं. कुठून आणलीस?"

थोरली पुढे सरकली. "दुकानातून. खोट निघाली म्हणून मिळाली."

"दिसतेच आहे. बाहुलीची उशी वाटते." धाकटीनं ती पुन्हा पाठीशी खुपसली आणि आरामात रेलली.

"आणि तुझा भाग?"

"अगं, तळाशी आहे, किती वेळा सांगू? पुढच्या खेपेला आणते म्हटलं ना!"

"आण. सुई ओवून ठेवलीय."

ते मात्र खरं होतं. सुनेकडून लाल दोरा ओवून घेऊन तिनं सुई चोचींच्या पट्ट्याला टोचून ठेवली होती. पुढच्या खेपेला धाकटी मोसंबी घेऊन आली. त्याच्या पुढच्या खेपेला डोळ्यांत घालायचे थेंब. पट्ट्यावर सुईच्या गंजाचा डाग उमटला, तेव्हा सून म्हणाली, "आई, सुई काढून ठेवू का आता?"

"राहू दे," थोरली म्हणाली. "मावशी आणणार आहे ना तुझी."